अरुंधतीताईंची हकीकत

४ जानेवारी, पनवेल

पोहोचले एकदाची! एसटी स्टँडवर अरुंधतीताई स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. ज्या बाईने शिडाच्या बोटीतून एकटीने पृथ्वीला वळसा घातला, तिने माझी बॅग उचलून डिकीत ठेवली. फोनवर हे सांगितलं तर बाबांना खरंच वाटेना.

मी कॉलेजात असताना ताई जालन्याला भाषणाला आल्या होत्या. तोवर मी समुद्र पाहिलाही नव्हता. त्या दिवसापासून मात्र मला दुसरं काही सुचेना. सुट्टीत मुंबईला येऊन शीड हाताळायला शिकले, ताईंना मेल पाठवत राहिले, आणि आता त्यांनीच बोलावलंय. पावसाळा संपला की त्यांच्याच बोटीतून मी निघायचं. एकटीने, जगाभोवती.

घर खाडीला लागून आहे. मागे खारफुटी, पलीकडे नवं विमानतळ. विमान खाली आलं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. अंगणातून उतरलं की धक्का आणि धक्क्याला बोट. स्वयंपाकाला गोदूमावशी येतात, शेजारच्याच गावातल्या. आज त्यांनी जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. मी बोटं चाटून जेवले. ताई जेवायला बसल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत हसत होत्या.

११ जानेवारी

ओहोटीला बोट चिखलात टेकते तेव्हा तिच्या तळाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपले, खरवडायची, हे सध्याचं काम. पाठ मोडून येते, पण मजा वाटते.

आज चहाच्या वेळी एक गंमत झाली. सुकाणूचा खिळखिळा झालेला जोड कसा आवळायचा, असं मी ताईंना विचारलं. त्या भाषणातली हकीकतच सांगू लागल्या. दक्षिणेच्या समुद्रात लाटेने त्यांना बाहेर फेकलं, कमरेच्या पट्ट्याचा दोर तुटला, बोट लांब जाताना त्यांनी पाहिली, ‘आणि मग मी ठरवलं, परत चढायचं.’ इथे त्या थांबल्या. जालन्याच्या सभागृहात जेवढा वेळ टाळ्या पडल्या होत्या, अगदी तेवढाच वेळ थांबल्या. ते भाषण मी फोनवर इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. थोरांना सवय होत असेल.

जोडाचं राहूनच गेलं.

१९ जानेवारी

हृतिक नावाचा एक जण मदतीला येतो. उरणकडचा. दोन वर्षांपूर्वी ताईंनी त्याला याच बोटीतून पाठवलं होतं आणि तो प्रदक्षिणा पूर्ण करून आला. मी उत्साहाने त्याला त्याच्या सफरीबद्दल विचारलं.

त्याने सांगितलं. दक्षिणेचा समुद्र. लाट. दोर तुटला. बोट लांब गेली. आणि मग मी ठरवलं, परत चढायचं.

तो नक्कल करतोय असं वाटून मी हसले. तो हसला नाही. तो थांबला, अगदी तेवढाच. मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते ताईंचं होतं.

२४ जानेवारी

दुपारी मागच्या पायरीवर गोदूमावशी मासळी साफ करत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. ताई सफरीला जायच्या आधीपासून त्या या घरात आहेत. म्हणाल्या, आधीची ताई तापट होती, शिव्या द्यायची, चुलीशी बसून खरपूस भाकरी मागून खायची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा.

“आमची ताई भाषनं करनारी नवती,” त्या म्हणाल्या. “पान्यातून जी वर आली ती कोन हाय, आमाला माहीत नाय.”

परत आल्यावर हृतिकच्या आईनेही त्याला ओळखलं नाही म्हणे. घरात घेत नाही, रडत दार लावून घेते. ताई अजून गावोगावच्या कॉलेजांत जातात, पोरांना बोलावतात. मावशींनी मला आजच निघायला सांगितलं.

मी वळून पाहिलं. दारात ताई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

२५ जानेवारी

मावशी आल्या नाहीत. यापुढे येणार नाहीत असं ताई म्हणाल्या. माझ्यासाठी कोणी काही रांधलं नाही. ताईंना त्याची आठवणही नाही. त्या स्वतः कधी जेवतात? मी एकदाही पाहिलेलं नाही.

२८ जानेवारी

बाबांना फोन केला. घरी येते म्हटलं. ताईंनी त्यांना आधीच फोन केला होता, सुरुवातीला सगळेच घाबरतात म्हणून. घरी आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागलाय. सत्कार ठरलाय. मी रडायला लागले.

“कादंबरी, आता माघारी आलीस तर मला तोंड दाखवू नकोस,” बाबा म्हणाले.

तरी बॅग घेऊन हायवेपर्यंत पोहोचले. हृतिक बाइकवर मागून आला. दरडावलं नाही काही. फक्त मनगट धरलं. सोडवता येईना. वाटभर तेच बोलत होता — लाट, दोर, बोट लांब —

फोन ताईंनी घेतला. खोलीला बाहेरून कडी.

१ फेब्रुवारी

सकाळच्या भरतीला दोघांनी मला बोटीवर चढवलं. चाचणी आहे म्हणे. मोटरबोटीने ओढत खाडीबाहेर आणलं आणि मधला दोर सोडून दिला. आता ते लांब थांबलेत. दोघंही उभे. नुसते बघतायत.

इंजिनाची टाकी कोरडी. रेडिओ काढून नेलाय. शीड उभारलं, वाराच नाही. दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहितेय.

लख्ख ऊन आहे. समुद्र सपाट. लाट नाहीच. मला वाटलं होतं लाट आल्याशिवाय काही होणार नाही —

तळाखाली काहीतरी सरकलं. मासा नाही. हळूहळू मागच्या बाजूला —

बोटीवर चढायच्या शिडीच्या दांड्यावर बोटं. दोन हात. दोर कापायच्या सुऱ्याने मारलं. रक्त नाही. हात हललेही नाहीत.

डोकं वर आलं. माझा भांग. माझं नारिंगी जाकीट. माझ्याच गळ्यातली साखळी. मी माझी चाचपून पाहिली, आहे माझ्याकडे — तिच्याकडेही —

पाठीमागे डोलकाठी. आणखी मागे सरकायला जागा नाही.

आत आली. समोर बसली. गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलाय. आवाज माझाच. म्हणाली, बाजूला सरक, उरलेलं मी लिहिते. बाबांना फोनही मीच करीन, त्यांना आवडेल असं बोल—