भिंतीतला कोयंडा

ता. ३

ती. दादास, ठमीचा शिरसाष्टांग नमस्कार.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून फुगून बसला असशील. राग गिळ, कारण काम काढलंय. आतल्या खोलीच्या भिंतीला ओलीनं आणि उंदरांनी खड्डे पडलेत. एक दाराशी, दोन पलंगाच्या वर. शेजारच्या शिंपीणबाईंकडे उरलेलं सिमेंट आहे, त्या देतात. भाऊ गवंडी असून बहिणीनं कॅलेंडरं लावून भिंत झाकायची, हे बरं दिसतं का? माल कसा कालवायचा ते नीट लिही. हे ट्रक घेऊन फेरीला गेले की करीन, ह्यांना पसारा खपत नाही. उत्तर शिंपीणबाईंच्या पत्त्यावर टाक. छकुली मामाची वाट बघते.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ठमी

ता. ८

चि. ठमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या कालवलेल्या मालात बादलीभर पाणी ओतून पळणारी तू आता स्वतः माल कालवणार! बघू या. एक वाटी सिमेंट, तीन वाट्या चाळलेली वाळू. आधी कोरडंच कालव, रंग एकसारखा होईपर्यंत. मग मधे आळं कर आणि पाणी जपून घाल. मुठीत दाबलेला गोळा मोडू नये आणि बोटांतून गळूही नये. हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांध, सिमेंट कातडी खातं. खड्ड्यातलं भुसभुशीत खरवडून काढ, भिंत भिजव, मग माल फेकून मार.

आता माझं ऐक. ओलीनं पोपडे धरतात, असे खड्डे पडत नाहीत. आणि उंदीर पलंगावर चढून भिंत फोडत नाहीत. मी जन्मभर भिंती बघतोय, मला बनवू नकोस. खरं लिही.

लोभ कमी होणार नाही, काहीही असलं तरी.

दादा

ता. १५

ती. दादा, शि. सा. न.

पलंगावरचे दोन खड्डे इस्त्रीचे. फेकली, मी वाकले. दाराजवळचा माझ्या डोक्याचा. केस धरून आपटलं. त्यात केस चिकटले होते, ते मीच खरवडून काढले, तू सांगितलंस तसे.

मी सोसत होते. पण आता छकुलीच्या पाठीवर पट्ट्याचा वळ उठलाय. चौकीवर गेले, तर तिथे हे गरीब गाय झाले आणि मलाच समजूत घालून परत पाठवलं. तुझ्याकडे निघाले, तर बस स्टँडवरून फरफटत आणलं. म्हणून आम्हा दोघींना आतून बंद होणारी खोली हवी होती. चौकट कुजलेली, खिळा धरत नाही. खड्डे बुजवून उरलेल्या मालात कडीचा कोयंडा सरळ भिंतीतच बसवला. सकाळी टणक लागला. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी हे आले आणि दोन लाथांत कोयंडा मालाच्या गोळ्यासकट उपटून पडला. त्याच गोळ्यानं ह्यांनी माझा डावा हात मोडला.

तू येऊ नकोस. तुझा राग मला ठाऊक आहे. खून करून बसशील आणि छकुलीला मामाही उरणार नाही. माझं कुठे चुकलं, तेवढं सांग.

एवढं ऐकलंस तर लोभ पोचला म्हणेन.

ठमी

ता. १९

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र वाचून हातातली थापी भिंतीवर अशी आपटली की बिगारी पळाले. त्याची तंगडी तोडून हातात द्यावीशी वाटते. पण तुझ्या शब्दाखातर थांबलोय. महिना संपताच येतो, रिकाम्या हातानं.

चूक माझी आहे. पाणी मारायचं सांगायला विसरलो. आमच्यात ते कुणी सांगतच नाही. जेवून हात धू, असं सांगावं लागतं का? वरून टणक लागला म्हणजे माल पिकला असं नाही. या वेळी भोक खोल कर, तोंडाशी अरुंद, आत रुंद. कोयंड्याचे पाय फाकव. एकास दोनचा माल घे. वर ओलं गोणपाट बांध आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मार. हिसका द्यायचा मोह नको. तो लांबच्या फेरीला गेला की लगेच काम उरक, आणि आतून जाड कडी घाल.

जिवाला जप, बाकीचा लोभ भेटीत.

दादा

ता. २

ती. दादा, शि. सा. न.

तू निघण्याआधी पोचावं म्हणून घाईनं लिहिते. आम्ही दोघी सुखरूप आहोत.

काल दुपारी तो आला. आल्या आल्या पट्टा काढला आणि कार्टी कुठाय विचारलं. मी म्हटलं, आतल्या खोलीत. ती शिंपीणबाईंकडे होती. तो पलंगाखाली वाकून बघायला लागला, तसं मी दार ओढलं आणि कडी घातली. दादा, तू आतून म्हणालास. मी बाहेरून बसवली, एका हातानं.

आधी हिसके, मग लाथा. पलंगाचा पाय उपटून दार ठोकत होता. शिंपीणबाई चौकीवर धावल्या. पोलीस आले तेव्हा तो आतून ओरडत होता, की आधी पोरीचा गळा चिरतो, मग तुला भिंतीत गाडतो. हवालदारांनी मला गप्प राहायची खूण केली आणि सगळं ऐकून घेतलं. गरीब गाय व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. शेवटी दाराची खालची फळी फुटून त्याचा पाय बाहेर आला आणि अडकून घोट्यात मोडला. तो कडकन आवाज ऐकून मला वाईट वाटलं नाही.

तू मात्र ये, आणि थापी घेऊनच ये. दार नवं लावायचंय.

त्याला नेताना हवालदारांनी कोयंडा दोन्ही हातांनी ओढून बघितला. मालाचा कणही सुटला नाही. त्यांनी विचारलं, गवंडी कोण? मी म्हटलं, मी.

लोभाची वाट बघणारी,
ठमी