भिंत बघ आधी

अण्णा, नौपाड्यातला माझा मातीकामाचा क्लास या महिनाअखेर बंद करतेय. शिकायला येणारं शेवटचं माणूसही गेलं. तुम्ही असतात तर चाकावरून मान वर न करता नुसतं ‘हं’ म्हणाला असतात, आणि मला त्या ‘हं’चा राग आला असता. कल्याणला आपल्या घराच्या जागी आता इमारत आहे, भट्टी होती तिथे गाड्या लागतात. तुमच्या मागे जे काही उरलं होतं ते माझ्याच हातात होतं.

मी अकरा वर्षांची. पहिल्यांदाच माझं मडकं न कोसळता उभं राहिलंय, मी आईला हाक मारायला उठतेय, तेवढ्यात तुम्ही मडकं उतरवायचा दोरा घेऊन ते वरपासून खालपर्यंत मधोमध कापता. मी रडते. “रडतेस काय गं? भिंत बघ आधी.” भिंत वर पातळ, तळाशी बोटभर जाड. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तेव्हाच ठरवलं, आपण कुणाचं मडकं कापायचं नाही.

नाहीच कापलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेली एक मुलगी दोन वर्षं दर रविवारी यायची. हाताखाली हेलकावणारी माती एकदम शांत झाली की ती स्वतःशीच हसायची, आणि ते बघून माझा पुढचा आठवडा चांगला जायचा. ती गेली की मी तिचं ओलं मडकं परत चाकावर चढवून भिंत सारखी करायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून. मागच्या महिन्यात तिने विचारलं, “मॅडम, तळाशी मी अंगठ्याचा ठसा ठेवलेला. तो कुठे गेला?” मी म्हटलं, “सुकताना जातो गं.” त्या दिवशीचं मडकं ठेवून गेली ती परत आलीच नाही. फोनही उचलत नाही.

आज आवराआवर करताना ते मडकं प्लास्टिकखाली सापडलं, अजून ओलसर. तिने ठशाचं विचारल्यावर त्याला मी हात लावला नव्हता. तुमचाच दोरा घेतला आणि कापलं. भिंत वरपासून तळापर्यंत एकसारखी होती. ती कधीची शिकली होती, मी बघितलंच नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच, मातीच्या बादलीशेजारी. एक मात्र सांगते. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. ती गेल्यावर दार लावून तिचं मडकं चाकावर घ्यायला मला फार आवडायचं, अण्णा.