लगदा कारखान्याची सहल

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

सौ. स्नेहल वहिनींना गोरक्षचा नमस्कार.

मी बरा आहे. इथली आमटी गोड असते, एवढंच दुःख. निघोज्यात थंडी पडली का? फोन करत नाही, कारण तात्या फोन स्पीकरवर लावतात आणि शेजारी ओट्यावर उद्धवराव बसलेले असतात. म्हणून हे पत्र समाधान ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो उद्या चाकणला, तुमच्या कंपनीत, पुठ्ठा उतरवणार आहे. माणूस चांगला, फक्त घाटात गाणी म्हणतो आणि हातवारेही करतो. असो.

मी कुठे टेकलोय ते घरी सांगितलं नव्हतं. उद्धवराव आपल्या शिवारात जो लगद्याचा कारखाना आणतायत ना, त्याच मालकाच्या जुन्या कारखान्यात मी गणपतीपासून आहे. इथे लाकूड उकळून लगदा करतात, लगद्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्याचे खोके. तुमच्या कंपनीचे पार्ट अशाच खोक्यात जात असतील. वास मात्र सडक्या कोबीचा. साबणानेही जात नाही.

परवा फिरत फिरत नदीच्या खालच्या गावाला गेलो. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं. धोंडीबा म्हणून म्हातारे भेटले. म्हणाले, "आमचा कांदा व्यापारी हुंगून बघतो, पोरा. पोरगीबी कुणी इतकी न्याहाळून बघत न्हाई." नोकऱ्यांचं विचारलं तर हसले. "गेटवर झाडू मारायला घेत्यात की. तेबी ठेकेदाराच्या मर्जीनं." नदी चांगली होती तेव्हा पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. आता टँकरची वाट बघतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं शनिवारी तात्यांना दिसेलच, कारखाना दाखवायला उद्धवराव गावाची बस आणतायतच. नाही दिसणार, वहिनी. शुक्रवारपासून नदीत घाण सोडणारा मागचा नाला बंद. गेटजवळच्या तळ्यात टँकरचं पाणी भरून मासे सोडायचे. मासे आणायला मलाच पाठवलं होतं. पिशवीत इतके झकास दिसतात! एक तर सारखा माझ्याकडेच बघत होता.

आता खरं ते लिहितो.

तात्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. सोयरीक असो, बैल असो, आधी समोरच्याच्या पाणवठ्याचं पाणी प्यायचं, मग शब्द द्यायचा. प्यायले की शब्द फिरत नाही, आणि त्यांच्या शब्दावर भावकी जमिनी देणार. उद्धवरावांनी हे इथल्या साहेबांना सांगून ठेवलंय. साहेब म्हणाले, "मग पाजू की! बाटलीचं पाणी लोट्यात ओता. म्हणायचं, कारखान्यातून शुद्ध होऊन आलंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तिकडचाच ना? तूच दे. आपल्या माणसाला म्हातारा नाही म्हणणार नाही."

म्हातारा माझा बाप आहे हे त्यांना माहीत नाही. मी "हो साहेब" म्हणालो.

पळून जाणं मला नवं नाही. पण मी पळालो तर लोटा दुसरा कुणी धरेल आणि तात्या पितील. मी ओरडून सांगितलं तर उद्धवराव म्हणतील, "ह्या भटक्याचं काय मनावर घेता?" तात्यांनी पाणी नाकारलं तर मात्र बसमधला एकही माणूस गप्प बसणार नाही.

म्हणून मी लोटा घेऊन उभा राहणार आहे. पत्र मिळताच तात्यांना सांगा, नाहीतर इतक्या दिवसांनी मला बघून ते आधी पाणी पितील आणि मग चौकशी करतील. सगळ्यांसमोर म्हणायला सांगा, "तुझ्या हातचं पाणी मला चालत नाही." हळू नको, मोठ्यानं. मग त्यांनी सगळ्यांना घेऊन धोंडीबांच्या विहिरीवर जावं. कारखान्याच्या भिंतीमागून तिकडे उतार आहे.

तात्या म्हणतील, पोटच्या पोराला असं कसं बोलू? त्यांना म्हणावं, पोरानंच मागितलंय.

शनिवारनंतर घरात घेतलं न घेतलं तरी,
तुमचा धाकटा दीर
गोरक्ष