नमुन्याच्या दिवसाचं पाणी

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मेव्हण्यांनी नोकरी सोडताच नदीकाठी माशांसाठी तळं खणलंय. दिवसभर कोरड्या खड्ड्याकडे असे बघत बसतात, जणू मासे त्यांना आत्ताच दिसतायत. पाणी नदीचंच घ्यायचंय. तुझा सांडपाण्याचा प्लांट आमच्या वरच्या अंगाला. शहराची घाण तिथे साफ होऊनच नदीत येते, हे तू लाखदा ऐकवलंयस. तरी हे म्हणाले, दादांना एकदा विचार, ते हो म्हणाले की पंप सुरू. शेजारच्या दोघांची तळीही तुझ्याच शब्दावर अडलीत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी धाकटी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मेव्हण्यांना म्हणावं, मासे पाळा खुशाल. घरात उलट उत्तर न देणारं कुणीतरी हवंच.

ज्या प्लांटवर मी यंत्रांना तेल घालायला लागलो, त्याचाच आज ठेकेदार आहे, पण कान अजून तेल घालणाऱ्याचेच. मागच्या आठवड्यात प्रदूषण खात्याचे साहेब पाण्याचा नमुना घेऊन गेले. तो नियमात बसला. काळजीचं कारण नाही. तरी तळी महिनाभर कोरडी ठेवलीत तर बरं. एवढी घाई कशाला?

मुलांना पापा. माया असू द्यावी.

तुझा दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

तुझं पत्र ह्यांनी शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. नमुना नियमात बसला, हे मोठ्याने. महिनाभर थांबा, हे पुटपुटत. शेजारी म्हणाले, दादा पहिल्यापासून जपून बोलणारे. दुसऱ्याच दिवशी तिन्ही तळी भरली, परवा बोटाएवढी पिल्लं सोडलीसुद्धा.

मला मात्र चैन नाही. तू काही लपवतोस तेव्हा जास्त थट्टा करतोस. असेल ते लिही.

तुझीच

ता. २१ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आधी पंप बंद करायला सांग. मुलांना तळ्यात उतरू देऊ नकोस.

घाण खाणाऱ्या जंतूंना हवा लागते. ती देणारे तीन ब्लोअर इथे आहेत. त्यातले दोन मी पावसाळ्यापासून बंद ठेवलेत. वीज वाचली, दुरुस्ती टळली. डोळे मिटूनही मला कळतं कोणता चालू, कोणता मुका. तेव्हा लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय नाही. साहेब कधी येणार ते आम्हाला आधी कळतं. त्या सकाळी बाहेर जाणाऱ्या चरात मी स्वतः नळाचं पाणी सोडतो. साहेबांच्या बाटलीत ते गेलं. तुमच्याकडे रोजचं आलं.

महिनाभरात ब्लोअर दुरुस्त करीन, असं मनाशी धरून तुला थांब म्हटलं. खरं लिहिलं असतं तर ठेका गेला असता. म्हणून नमुना नियमात बसला, एवढंच लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, त्याचीच जास्त लाज वाटते.

काल साहेबांकडे जाऊन सगळं बोललो. न कळवता या म्हटलं, नळाचं पाणी पडतं त्याच्या वरच्या बाजूला बाटली बुडवा म्हटलं. ठेका जाईल. जाऊ दे.

दादा

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,

तुझं पत्र यायच्या आदल्या सकाळीच मासे उलटे तरंगत होते. ह्यांनी जाळीने काढले, शेजाऱ्यांचेही काढू लागले, आणि खड्डा करून पुरले.

शेजारी विचारत होते, दादांचं काही पत्र? मी हो म्हणाले आणि आत आले. तुझं ते पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तूच येऊन तिघांसमोर सांग.

राग आहे, तरी ये. उन्हातून आलास की पेलाभर पाणी पुढे करीन. आमची विहीर नदीला लागूनच आहे, मुलं तेच पितात. प्यायचं की नाही, ते तू मला तोंडाने सांग.

वाट बघते.

धाकटी