पंकजाताईच्या नंबरची रिंगटोन

दादा,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात, बेसन तेवढं गरम करून घे.

आईच्या बटनाच्या मोबाईलमधून पंकजाताईची रिंगटोन तूच काढलीस, मला ठाऊक हाय. आईला वाचता येत न्हाई म्हणून मी एकेकाच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावून दिली होती. तुझा फोन आला की हलगी वाजायची, मामाचा आला की सनई. ताईच्या नंबरला तिचाच आवाज होता, "आई, मी पंकी, उचल की." तू तो पुसून साधी घंटी लावलीस. कुण्या कंपनीवाल्याचा फोन समजून आई लेकीचा फोन कट करत राहिली. तिकडं ताईला वाटलं, आईनंबी तोडलं.

ताईनं मर्जीनं लगीन केलं, त्याचा राग तू खुशाल धर. आईच्या कानावर तुझा हुकूम चालणार न्हाई. माझ्या मोबाईलमधला ताईचा आवाज मी ब्लूटूथनं परत घेऊन लावलाय. पुन्हा पुसशील, तर पुन्हा लावीन.

सकाळी तो वाजला. आईनं पिठाच्या हातानंच फोन उचलला अन् लय रडली. ताईला सातवा लागलाय, दादा.

आमी दोघी ताडकळसच्या गाडीनं तिच्याकडं चाललोत. "दादाला काय लिहू?" मी विचारलं. पिशवीत लुगडं भरता भरता आई म्हणली, "लिही, लेकीला बाळंतपणाला घिऊन येते. आतली खोली झाडून ठिव म्हणावं."

प्रियंका