कपाटामागची बुरशी

भाईंदर (पूर्व),
११ नोव्हेंबर १९७३

चि. सौ. मंदा हिला अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. यंदाची खुशाली मात्र आपोआप आलेली नाही, मी ती आणली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुझे गुडघे कसे आहेत? (तेल चोळून काही होत नाही, चालत जा.) तिकडच्या मंडळींना नमस्कार.

जुलैत आमच्या घरात तीन दिवस घोट्याएवढं पाणी होतं आणि वरचं कौल फुटून भिंतीवरून ओघळ चालू होता तो वेगळाच. पाणी ओसरलं, आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. गणपतीपासून शालू (आमच्या विठूची मुलगी, सहा वर्षांची, तू तिला बारशालाच पाहिलीस) खोकायला लागली. डॉक्टरांनी औषधाच्या तीन बाटल्या संपवल्या आणि मग हवापालट सांगितला. त्यावर सुलूने, म्हणजे सूनबाईंनी, त्याच दिवशी ट्रंक भरली. दिवाळी झाली की पोरीला घेऊन रत्नागिरीला माहेरी, आणि शाळासुद्धा तिकडचीच! विठू नोकरीच्या फिरतीवर, मागे आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. ह्यांच्याकडे मी तीस वर्षं बघते आहे. आणखी काही नवीन दिसेल अशी आशा नाही.

मी ठरवलं की शालू जाणार नाही, खोकला जाईल. पहिला धागा कॉनीने दिला. कॉनी तारोडीहून मासळी घेऊन येते. आमच्या दारात बसून नाक मुरडत म्हणाली, "बाय, तुज्या घरात वास हाय. सुकटीला असा वास आला तर आमी टाकून देतो, खात न्हाय." घर टाकून देता येत नाही, म्हणून मी वासामागे गेले. तो शालूच्या खाटेशी सर्वांत जास्त होता. खाट पुढच्या खोलीत हलवली, आणि तीन दिवसांत खोकला निम्म्यावर. मग त्या खाटेमागचं कपाट ओढलं. मंदा, मागची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत काळी होती, आणि मखमलीसारखी मऊ!

ह्यांचं म्हणणं, ओल आहे, वाळेल. मी म्हटलं, ओल वेगळी, बुरशी वेगळी. भिंतीच्या पायाशी पांढरी फुलं आली होती, ती पाण्यात टाकली तर विरघळली. तो क्षार. (ह्यांनी न सांगता चाखून खारट असल्याचं कळवलं. मी चूळ भरायला लावली.) काळं मात्र विरघळेना, बोटाला लागून पसरलं, आणि ह्यांच्या पंचांग वाचायच्या भिंगातून तंतू स्वच्छ दिसले. हवेत उडणारी तिची धूळ पोरगी दोन महिने नाकावाटे घेत होती. बी.एस्सी.ला मला वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिला नंबर मिळाला होता, हे या घरात कुणालाही विचार, पाठ आहे.

गवंडी महिपत आला तो चुन्याचा डबा घेऊनच. दोन हात मारतो म्हणाला, भिंत नवी नवरी दिसेल. मी त्याला आजारी नवरीला पावडर लावून लग्नाला उभी करतोस का, असं विचारलं. तो कोरडा ब्रश घासायला लागला, तर त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला (कोरडं घासलं की सगळी धूळ घरभर), नाकाला ओला पंचा बांधायला लावला आणि गिलावा पाणी मारत विटांपर्यंत खरवडायला लावला. "बाई, तुम्ही काय शिकलात?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "झाडांचं शिकलात? मग भिंतीवर उगवणारच की," असं तो म्हणाला, आणि हे माझ्या देखत हसले. खरवडलेलं सगळं पोत्यात बांधून घराबाहेर काढलं, कौल बदललं, तीन आठवडे दारं-खिडक्या सताड उघडी ठेवून भिंत वाळवली, आणि मगच चुना. चुना पुसून कपड्यांना लागू नये म्हणून त्यात भाताची पेज घालण्याची एक अडाणी पद्धत आहे. बुरशीला ते आयतं जेवण. या वेळी थेंबभर घालू दिली नाही.

शालू आता खणखणीत आहे. चाळीत लोक मला भिंती दाखवायला बोलावतात, आणि मी जाते.

तुझी,
अक्का

ता. क. पेज दरवर्षी मीच घालायला लावत होते. "आई, ती आंबते, भिंतीला बुरशी धरते," असं सुलूने मला तीनदा सांगितलं होतं, आणि सातवी शिकलेल्या मुलीने मला शिकवू नये असं मी चारचौघांत म्हणाले. खोकला थांबला तरी ती ट्रंक रिकामी करत नाही. खोकला हे निमित्त असावं. तुझी पत्रं ती आवडीने वाचते. तेव्हा तिचं बरोबर होतं असं तू तिला कळव. अक्काने लिहायला सांगितलं असं लिहू नकोस, पण तिला कळेल असं लिही. माझ्या तोंडून ते निघत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा स्वयंपाकाबद्दल बोलले.

ता. क. दुसरा. सुलूचं अक्षर चांगलं म्हणून पाकिटावर पत्ता घालायला तिच्याकडे दिलं होतं. पाकीट बंद करायला विसरले होते. (मी सहसा विसरत नाही.) परत आलं तेव्हा वरच्या "तीनदा"वर पेन्सिलीने काट मारून "चारदा" केलेलं आहे. मी खोडलेलं नाही. चारदाच सांगितलं होतं तिने. शालूचे फ्रॉक आत्ता दोरीवर वाळताहेत, ट्रंकेतले.