आपसूक हसू

प्रिय चिमण्या,

बाबा कसे आहेत, असं तू प्रत्येक फोनवर विचारतोस आणि मी "बरे आहेत" म्हणून वेळ मारून नेते, कारण ते शेजारीच कान देऊन बसलेले असतात. आत्ता ते खाली फेऱ्या मारायला गेलेत, तेवढ्यात सगळं लिहून टाकते.

मेंदूच्या झटक्यानंतर हातपाय पुष्कळ सुधारले रे. पण चेहऱ्याची डावी बाजू काही केल्या उठेना. गंमत म्हणजे आठ्या कपाळभर पडायच्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अंगांकडून हुकूम येतात, म्हणून ते वाचलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओठांचं तसं नाही. फिजिओथेरपिस्ट रोज सांगायचा, "काका, हसून दाखवा." बाबा जीव तोडून प्रयत्न करायचे. उजवा कोपरा वर जायचा, डावा ढिम्म. शेवटी त्यांनी आरशावर टॉवेल टाकला. जन्मभर फोटो स्टुडिओत लोकांचे चेहरे खुलवणारा माणूस, स्वतःचा चेहरा बघेना.

आणि परवा काय झालं, तो धिप्पाड फिजिओथेरपिस्ट चाकांच्या स्टुलावर बसायला गेला, स्टूल सटकलं आणि स्वारी धाडकन जमिनीवर! बाबा हसले. पोट धरून हसले, आणि ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर! मी तर ओरडलेच. तो गडी पडल्यापडल्या बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, परत एकदा पडू का?"

डॉक्टरीणबाईंनी मग उलगडून सांगितलं. आपण ठरवून हसतो त्याचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. झटक्याने तीच वाट तोडली. पण आपसूक येणारं हसू खोलवरून, निराळ्याच वाटेने येतं, आणि ती वाट शाबूत आहे. स्नायू तेच, धनी दोन! इतकी वर्षं मी हे तोंड घेऊन वावरले, पण त्याच्या आत एवढी करामत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

बाबा सगळं ऐकत होते. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी 'हसा' म्हटलं नाही." खरंच की रे! ओळखपत्राच्या फोटोला आलेल्या तिरसट साहेबालासुद्धा ते काहीतरी भन्नाट किस्सा सांगत बसायचे आणि मध्येच खटका दाबायचे. आपल्याला वाटायचं, बोलघेवडे आहेत. ते हसू आपल्या पायाने येण्याची वाट बघत असायचे. केवढा धीर लागत असेल त्याला!

आता मुद्द्याचं. "मला प्रवास झेपणार नाही, तुम्ही लग्न उरकून घ्या," असं ते तुला म्हणाले ना, ती थाप होती. डॉक्टरांनी प्रवासाला केव्हाच होकार दिलाय. "सुनेच्या माणसांसमोर हे वाकडं तोंड घेऊन कसा उभा राहू?" असं मला म्हणाले होते आणि तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. ती आज मोडतेय. कारण काल त्यांनी स्वतःहून शिंप्याला बोलावलं. कोट कमरेत बराच आत घ्यावा लागणार आहे. मी भीत भीत विचारलं, "बाबा, फोटोत कुठल्या बाजूला उभे राहाल?"

म्हणाले, "सून उभं करेल तिथे."

तुझीच,
ताई